शनिवार-रविवारची सामुदायिक घाटसहल : नियोजन शेवटच्या गाडीसाठी

स्वतःची मोटारगाडी असणे ही आता केवळ सधन कुटुंबांची मिरास राहिलेली नाही. नोकरदार, व्यापारी, शिक्षक अशा सर्व थरांतील कुटुंबांच्या दारात गाडी आलेली आहे आणि तिच्याबरोबर सुटीच्या दिवशी दूरवर फिरून येण्याची हौसही आलेली आहे. ही हौस एकट्याने भागविण्यापेक्षा आठ-दहा कुटुंबांनी मिळून भागवावी, सर्वांनी आपापल्या गाड्या घेऊन एखाद्या डोंगरावर जावे, तेथे एक रात्र राहावे आणि दुसऱ्या दिवशी परतावे, असा प्रघात अनेक शहरांतून रूढ होत चालला आहे. प्रवासाची गोडी, परस्परांचा परिचय आणि संकटसमयी सोबत असे तिहेरी लाभ त्यात आहेत. परंतु आठ गाड्यांची सहल म्हणजे एका गाडीच्या सहलीची आठपट नव्हे. तिचे प्रश्न वेगळे असतात आणि त्यांची उत्तरे घरून निघण्यापूर्वीच शोधून ठेवावी लागतात. या लेखात त्या नियोजनाचा विचार एका प्रत्यक्ष मार्गाच्या आधारे केला आहे.

उदाहरणादाखल घेतलेला मार्ग

भोपाळ शहराच्या दक्षिण भागात शाहपुरा ही वसाहत आहे. तेथील तलावाचा काठ सकाळच्या वेळी मंडळींना एकत्र जमण्यास सोयीचा आहे. भोपाळमध्ये मराठी कुटुंबांची वस्ती जुनी असून, शाहपुरा ते पचमढी ही सुमारे २०० किलोमीटरची वाट त्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. पचमढीचे नाव महाराष्ट्रातील, विशेषतः विदर्भातील वाचकांनाही परके नाही. नागपूर ही जुन्या मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी असताना पचमढी हे त्या प्रांताचे उन्हाळी राजधानीचे ठिकाण होते. १८१८ साली इंग्रजांच्या कैदेतून निसटलेल्या नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांनी आश्रय घेतला तो याच महादेव डोंगरात. आजही नागद्वारीच्या यात्रेला व महाशिवरात्रीला चौरागडाच्या दर्शनाला विदर्भातून हजारो भाविक येथे जातात. म्हणून शाहपुऱ्याहून निघणाऱ्या मंडळींसाठी जे लागू पडते, ते नागपूरहून छिंदवाडा-तामियामार्गे येणाऱ्यांनाही आणि आपल्याकडील कोणत्याही घाटात जाणाऱ्यांनाही बहुतांशी लागू पडेल.

या मार्गाचे वैशिष्ट्य असे की, त्यात एक डोंगर उतरून दुसरा चढावयाचा असतो. शाहपुऱ्याहून होशंगाबाद रस्त्याला लागल्यावर मंडीदीप व ओबेदुल्लागंज ही गावे येतात. युनेस्कोने २००३ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केलेली भीमबेटका येथील चित्रगुंफांची टेकडी येथून जवळ आहे. या गुंफांचा शोध १९५७ साली पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर यांनी लावला. पुढे रस्ता रातापानीच्या जंगलातून विंध्य पर्वत उतरून बुधनीला येतो आणि नर्मदा ओलांडून नर्मदापुरम येथे, म्हणजे २०२२ पर्यंतच्या होशंगाबादेत, प्रवेश करतो. तेथून माखननगर (पूर्वीचे बाबई), सोहागपूर व पिपरिया या गावांवरून नर्मदेच्या सपाट खोऱ्यातील वाट आहे. पिपरियाहून पचमढी सुमारे ५० किलोमीटरवर असून, घाटाचा खरा चढ मटकुली या नाक्यानंतर सुरू होतो. याच नाक्यावर तामिया-छिंदवाड्याची वाट वेगळी होते. पचमढीचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंचीवर असून, त्यावरील धूपगड हे सुमारे १,३५० मीटर उंचीचे शिखर सातपुड्यात सर्वांत उंच आहे.

संकट कोठे उद्भवते ?

सामुदायिक सहलीत पुढच्या गाडीला सहसा काही होत नाही. तिचा चालक बहुधा अनुभवी असतो, वाट त्याच्या माहितीची असते आणि वेग त्याच्या मर्जीचा असतो. संकट शेवटच्या गाडीवर येते. पुढील प्रसंगाची कल्पना करावी.

आठ गाड्या शाहपुऱ्याहून निघाल्या आहेत. आठव्या गाडीचा चालक नवखा असून, त्याच्यासोबत वृद्ध आईवडील व दोन मुले आहेत. सोहागपूरच्या पुढे त्या गाडीचे चाक पंक्चर होते. सातव्या गाडीने आरशात पाहिलेले नसते आणि पहिल्या गाडीला तर काहीच ठाऊक नसते. सर्वजण मटकुलीला चहासाठी थांबतात तेव्हा एक गाडी कमी असल्याचे ध्यानात येते. ‘येईल मागून’ असे म्हणून काही वेळ जातो. फोन लागत नाही. दोघे परत शोधायला निघतात, बाकीचे पुढे जातात. इकडे चाक बदलून निघालेला चालक मागे राहिल्याच्या संकोचाने वेग वाढवितो आणि अनोळखी घाटात अंधार पडता पडता एकटाच शिरतो. येथपर्यंत कोणीही बेजबाबदारपणे वागलेले नाही आणि तरीही अपघाताची सर्व सामग्री जमून आलेली आहे. उणीव होती ती एकच. सहलीची आखणी पहिल्या गाडीच्या दृष्टीने झाली होती, शेवटच्या गाडीच्या दृष्टीने नव्हे.

यावरून या लेखाचे मुख्य सूत्र सांगता येईल. दिवस, वेळ, वेग, थांबे व परतीचा प्रवास यांपैकी प्रत्येक गोष्ट ठरविताना ‘शेवटच्या गाडीला हे जमेल काय ?’ असा प्रश्न विचारावा. ज्याचे उत्तर नकारार्थी येईल ते योजनेतून वगळावे.

दिवसाची निवड

पचमढी येथे वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. पावसाळ्यातील सातपुडा रमणीय असतो हे खरे. परंतु ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतर वाढते, धुक्याने वळणे दिसेनाशी होतात आणि दरडीचे दगड रस्त्यावर येण्याचा संभव असतो. नवशिक्या चालकांसह जाणाऱ्या मंडळाने पहिली सहल पावसाळ्यात काढू नये. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंतचा काळ उत्तम होय. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटेचे धुके व कडाक्याची थंडी गृहीत धरावी.

नागपंचमीपूर्वीचे सुमारे दहा दिवस नागद्वारीची यात्रा असते. त्या काळात आणि महाशिवरात्रीच्या सुमारास घाटरस्त्यावर बसगाड्या, जीपगाड्या व पायी चालणारे भाविक यांची रीघ लागलेली असते. ती वाट त्या दिवसांत यात्रेकरूंची आहे असे समजून हौशी मंडळींनी अन्य दिवस निवडावा. सलग सुट्या जोडून येणारे शनिवार-रविवारही शक्यतो टाळावेत. निवासाची व्यवस्था आधी निश्चित झाल्याशिवाय एकही गाडी निघू नये, कारण रात्री खोली शोधत फिरण्याची पाळी नेमकी शेवटी पोचणाऱ्या कुटुंबावर येते.

गाड्यांची संख्या व तुकड्या

आठ गाड्यांची सलग रांग रस्त्यावरील इतरांना कशी अडचणीची ठरते, हे साध्या गणिताने कळू शकेल. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. दोन गाड्यांत तीन सेकंदांचे, म्हणजे सुमारे ३३ मीटरचे सुरक्षित अंतर ठेवले, तर आठ गाड्यांची रांग अडीचशे मीटरांहून अधिक लांब होते. मागून येणाऱ्या बसला किंवा रुग्णवाहिकेला ही रांग घाटात एका दमात ओलांडणे अशक्य होय. मग ती मध्येच घुसते, रांग तुटते आणि मागे पडलेल्यांची धावपळ सुरू होते. गाड्यांमधील अंतर कमी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. अंतर कमी केल्यास एका गाडीच्या चुकीची शिक्षा तिच्या मागच्या सर्वांना होते.

योग्य उपाय म्हणजे तुकड्या पाडणे. तीन किंवा चार गाड्यांची एक तुकडी करावी व दोन तुकड्यांत सुमारे दहा मिनिटांचे अंतर ठेवावे. प्रत्येक तुकडीत एक अग्रगाडी व एक पिछाडीची गाडी असावी. या दोन्ही जागी अनुभवी चालक असावेत. सर्वांत नवखा चालक अग्रगाडीच्या लगेच मागे, दुसऱ्या स्थानी असावा. पुढच्या गाडीची ओळ व तिच्या ब्रेकचा दिवा पाहून त्याला वळणाचा अंदाज येतो आणि अग्रगाडीलाही त्याच्या बेताने वेग ठेवता येतो. पिछाडीच्या गाडीने वाटेत कोणालाही ओलांडावयाचे नाही, हा नियम निरपवाद पाळावा. पिछाडी पोचली म्हणजे तुकडी पोचली, असे समीकरण त्यामुळे आपोआप तयार होते.

यापुढचा नियम त्याहून महत्त्वाचा आहे. प्रत्येक चालकाने आपल्या पुढच्या गाडीची नव्हे, तर मागच्या गाडीची जबाबदारी घ्यावी. मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की वेग कमी करावा. तरीही ती दिसली नाही, तर सुरक्षित जागी थांबावे. हे प्रत्येकाने केले, तर मागची अडचण एकेका गाडीमार्फत पुढे पोचते व अखेरीस अग्रगाडीही थांबते. मटकुलीसारख्या नाक्यावर, जेथे वाट फुटते, तेथे मागची गाडी योग्य वाटेला लागल्याचे दिसल्याखेरीज कोणीही पुढे जाऊ नये.

मागची गाडी वेगाने का धावते ?

रांगेच्या बाबतीत एक गोष्ट अनुभवास येते. पुढचा चालक संथ चालविल्याचे सांगतो, तर मागच्याची तक्रार असते की त्याला सारखे पळावे लागले. दोघेही खरेच बोलत असतात. गावातील गतिरोधक ओलांडून अग्रगाडी ताशी ५० किलोमीटरचा वेग घेते, तेव्हा शेवटची गाडी अद्याप गतिरोधकाच्या अलीकडेच असते. असे प्रसंग साठत जाऊन तीन मिनिटांचे अंतर पडले, तर ते सुमारे अडीच किलोमीटर होते. ते भरून काढण्यास शेवटच्या गाडीला ताशी ६० किलोमीटर वेगाने सलग पंधरा मिनिटे धावावे लागेल. घाटात हे शक्यही नाही व इष्टही नाही. म्हणून प्रत्येक गाव, फाटक किंवा नाका ओलांडल्यावर अग्रगाडीने काही मिनिटे वेग जाणीवपूर्वक कमी ठेवावा.

वेळापत्रक उलट्या दिशेने मांडावे

बहुतेक मंडळी निघण्याची वेळ आधी ठरवितात व पोचण्याची वेळ नशिबावर सोपवितात. वेळापत्रक याच्या उलट, सूर्यास्तापासून मागे मोजत मांडावे. डिसेंबर महिन्यात पचमढीला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. शेवटची गाडी अर्धा-पाऊण तास उजेड शिल्लक असताना पोचावयाची, तर दुपारी साडेतीननंतर मटकुलीहून एकही गाडी घाटात घालता कामा नये. ही वेळ ‘घाटबंदीची वेळ’ म्हणून सर्वांना आधीच सांगून ठेवावी. काही कारणाने ती टळली, तर पिपरियास मुक्काम करावा व सकाळी घाट चढावा. हा निर्णय निघण्यापूर्वीच घेतलेला असला म्हणजे ऐन वेळी वादाला जागा राहत नाही.

या हिशेबाने पुढील वेळापत्रक सोयीचे होईल. शनिवारी सकाळी साडेसहाला शाहपुऱ्याहून प्रस्थान. सव्वाआठपर्यंत नर्मदापुरम, तेथे पाऊण तास न्याहारी व नर्मदादर्शन. पावणेअकराच्या सुमारास पिपरिया, तेथे अर्धा तास विश्रांती, इंधन व चाकांची पाहणी. दुपारी एकपर्यंत पचमढी. घाटबंदीच्या वेळेपूर्वी सुमारे साडेतीन तास हाताशी राहतात. हा वेळ वाया गेला असे मानू नये. पंक्चर, मुलांचे पोट बिघडणे, रस्त्यावरील खोळंबा यांसाठीची ती शिल्लक आहे. आठ गाड्यांचा पंधरा मिनिटांचा थांबा अर्ध्या तासाखाली कधीच आटोपत नाही, हेही वेळापत्रकात धरून चालावे.

निघण्यापूर्वीची तपासणी

सहलीच्या चार-पाच दिवस आधी प्रत्येक गाडीची तपासणी व्हावयास हवी, म्हणजे दुरुस्तीस अवधी मिळतो. चाकांतील हवा गाडी थंड असताना, पूर्ण भाराच्या मापाने भरावी व स्टेपनीची हवा विसरू नये. जॅक व पाना गाडीत आहेत एवढे पाहून भागत नाही. ते वापरता येतात काय, हेही एकदा करून पाहावे. दिवे, वायपर, कूलंटची पातळी व बॅटरी पाहावी. प्रथमोपचाराची पेटी, परावर्तक त्रिकोण, विजेरी व पाणी प्रत्येक गाडीत असावे. पिपरिया येथे इंधनाची टाकी भरून घ्यावी.

ब्रेक ऑइलकडे मात्र सर्वांचेच दुर्लक्ष होते. हे द्रव हवेतील आर्द्रता शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. प्रचलित ‘डॉट-४’ प्रतीचे ऑइल नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अपेक्षा असते. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये हे ऑइल उकळले, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबले असता ते पोकळपणे खाली जाते. ब्रेक ऑइल साधारणतः दर दोन वर्षांनी किंवा उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे बदलावे, ही सूचना याचसाठी असते.

चढ व उतार

चढताना इंजिनाची व उतरताना ब्रेकची परीक्षा असते. पचमढीच्या उंचीवर हवा सुमारे दहा टक्के विरळ होते व टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्ती त्याच प्रमाणात घटते. त्यामुळे सपाटीवर तिसऱ्या गिअरमध्ये जमणारा चढ येथे दुसऱ्यात घ्यावा लागेल, यात कमीपणा नाही. वळणापूर्वीच गिअर उतरवावा, वळणात नव्हे.

उताराचे गणित अधिक गंभीर आहे. माणसे व सामान धरून १,५०० किलो वजनाची गाडी पचमढीहून पिपरियाला उतरते, तेव्हा ती सुमारे ७०० मीटर खाली येते. या उतरणीत मोकळी होणारी ऊर्जा सुमारे एक कोटी ज्यूल भरते. तेवढ्या उष्णतेने सुमारे ३० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. ही सारी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये ओतावयाची की इंजिनाला तिचा वाटा उचलू द्यावयाचा, हे चालकाच्या हाती आहे. ‘ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे’ हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. वळणापूर्वी ठामपणे दाबून वेग कमी करावा आणि पाय काढावा, म्हणजे ब्रेकना थंड होण्यास उसंत मिळते. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे घातक होय. इंजिन बंद करणे तर त्याहून घातक, कारण त्यामुळे ब्रेकला व स्टिअरिंगला मिळणारे यांत्रिक साहाय्यच नाहीसे होते. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीतही खालचा गिअर निवडण्याची सोय असते. ती कोठे आहे हे घरीच पाहून ठेवावे. विजेवर चालणारी गाडी उतारावर बॅटरी भरून घेत वेग आवरते. पण वर पूर्ण चार्ज करून निघाल्यास ही क्षमता सुरुवातीला कमी मिळते, हे तिच्या चालकाने ध्यानात ठेवावे.

जळका वास आला किंवा पेडल मऊ वाटू लागले, तर हळूहळू खालच्या गिअरवर यावे, रुंद जागी थांबावे व गाडीला अर्धा तास विसावा द्यावा. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नये. गाडी उभी करताना चाकाखाली दगड लावला असेल, तर निघताना तो आठवणीने उचलून कडेला ठेवावा. घाटात रस्त्यावर राहिलेला असा दगड रात्री येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या जिवावर बेतू शकतो.

संपर्काची व्यवस्था

जंगलाच्या व घाटाच्या काही भागांत मोबाइल फोनला सिग्नल मिळत नाही. म्हणून मार्ग, थांबे, घाटबंदीची वेळ, निवासाचा पत्ता आणि प्रत्येक गाडीचा क्रमांक व तिच्यातील व्यक्तींची संख्या यांचा एक पानाचा तक्ता कागदावर लिहून प्रत्येक गाडीत द्यावा. त्याची एक प्रत घरी राहणाऱ्या जबाबदार व्यक्तीजवळ असावी. बिनतारी संचांपैकी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्तीच्या, मान्यताप्राप्त संचांना २०१८ च्या नियमांनुसार परवान्याची गरज नाही. अग्रगाडी व पिछाडी यांच्यात ते उपयोगी पडतात. मात्र संच असो वा फोन, तो सहप्रवाशाने हाताळावा, चालकाने नव्हे. आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ व राष्ट्रीय महामार्गावरील साहाय्यासाठी १०३३ हे क्रमांक त्याच तक्त्यावर ठळकपणे लिहावेत.

कायद्याच्या काही तरतुदी

डोंगरी रस्त्यावर दोन वाहने मोकळेपणाने जाऊ शकणार नाहीत एवढा रस्ता अरुंद असेल, तेथे उतरणाऱ्या वाहनाने थांबून चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, असा नियम आहे. चढावर थांबलेले वाहन पुन्हा हलविणे अवघड असते, हे त्यामागील कारण उघड आहे. राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा असून, २०१९ च्या सुधारणेने त्याची शिक्षा वाढविण्यात आली आहे. ‘कोण आधी पोचतो पाहू’ अशी थट्टाही मंडळाच्या बैठकीत होऊ देऊ नये. मद्यप्राशन करून वाहन चालविणे तर सर्वथा निषिद्ध होय. पट्टा पुढच्याप्रमाणेच मागच्या आसनावरील प्रवाशांनीही बांधावयाचा असतो. अनुज्ञप्ती, विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र यांची मुदत आधीच पाहून ठेवावी. अपघातग्रस्ताला सद्‍भावनेने मदत करणाऱ्या नागरिकास कलम १३४-अ अन्वये संरक्षण मिळते. त्यामुळे वाटेत दुसऱ्या कोणाला अपघात झालेला दिसल्यास मदतीस मागेपुढे पाहू नये.

वनक्षेत्रातील वर्तन

या मार्गाच्या दोन्ही डोंगरांत वन्य प्राण्यांचा वास आहे. रातापानीचे जंगल डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. पचमढीच्या परिसरात १९८१ साली स्थापन झालेले सातपुडा राष्ट्रीय उद्यान असून, पचमढी जीवावरण क्षेत्र २००९ साली युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात समाविष्ट झाले. पहाटे व संध्याकाळी प्राणी रस्ता ओलांडतात. तेव्हा वेग कमी ठेवावा व अंध वळणाखेरीज हॉर्न वाजवू नये. माकडांना खाऊ टाकू नये. खाद्याच्या आशेने ती रस्त्यावर येऊन बसतात व वाहनाखाली सापडतात, शिवाय त्यांना चुकविताना गाडी कठड्याकडे जाते ती वेगळीच. कचरा आपल्याच गाडीतून परत आणावा.

पचमढीतील काही स्थळे वनक्षेत्रात येतात व तेथे जाण्यासाठी परवान्याचे आणि ठराविक वाहनांचे नियम लागू आहेत. त्याची चौकशी पोचल्याबरोबर करावी. शनिवारची उरलेली दुपार अशा चौकशीला, विश्रांतीला व पायी फिरण्याला द्यावी. दिवसभर गाडी चालविलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा चालकाच्या जागी बसवू नये.

परतीचा प्रवास

सामुदायिक सहलीचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रविवार. मन भरलेले असते, शरीर थकलेले असते, उद्याचे कार्यालय डोळ्यांसमोर असते आणि वाट ओळखीची झाली असा समज झालेला असतो. त्यातच घाटाचा उतार याच दिवशी असतो. म्हणून रविवारी धूपगडचा सूर्योदय, दुपारी भटकंती व संध्याकाळी परतणे असा भरगच्च कार्यक्रम आखू नये. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, उजेडात व ताजेपणी घाट उतरावा. पिपरियाला सर्व गाड्या मोजाव्यात व मगच पुढे निघावे. दर दोन तासांनी थांबावे आणि डुलकी येऊ लागलेल्या चालकाने ती लपवू नये. ज्या गाडीत एकच चालक आहे, तिच्यासाठी मंडळातील दुसरा चालक आधीच मुक्रर करून ठेवावा. शाहपुऱ्याला पोचल्यावर प्रत्येक गाडीने आपण सुखरूप घरी आल्याचा निरोप प्रमुखाला द्यावा. शेवटचा निरोप येईपर्यंत सहल संपलेली नसते.

समारोप

वर सांगितलेल्या गोष्टींपैकी एकीलाही फारसा खर्च येत नाही. एक बैठक, कागदाचे एक पान, ब्रेक ऑइलची एक बाटली व थोडा संयम एवढेच त्यास पुरेसे आहे. समूहाने प्रवास करण्यातील आनंद सर्वांनी बरोबर असण्याचा आहे, पुढे असण्याचा नव्हे. पुढच्या गाडीतील अनुभवी चालकाने वेग आवरला, तर त्याचे फार तर अर्ध्या तासाचे नुकसान होईल. पण त्या अर्ध्या तासाच्या मोबदल्यात मागच्या गाडीतील वृद्ध आईवडील व मुले दिवसाउजेडी डोंगर चढतात आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप घरी येतात. मोटारीची हौस बाळगणाऱ्या प्रत्येक मंडळाने पुढील सहलीची आखणी करताना पहिला प्रश्न आपल्यातील सर्वांत नवख्या चालकाला विचारावा आणि त्याच्या उत्तरावरून वेळापत्रकाची पहिली ओळ लिहावी.